ईटीपीजवळचे एलईडी काळे पडतायत, वरून अजून सिलिकॉन ओतावं का?

प्रश्न आधी थोडक्यात परत लिहितो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. चिकोडी भागातल्या एका साखर कारखान्यात मेंटेनन्सला असलेल्या दादांनी विचारलंय की ईटीपीच्या, म्हणजे कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटच्या, कडेला लावलेले एलईडी फ्लडलाइट एका सीझनमध्येच निम्म्या उजेडावर आले. उघडून बघितलं तर एलईडीच्या आतली चकाकी जाऊन तपकिरी-काळं झालंय, पण ड्रायव्हरचा (एलईडीला करंट देणाऱ्या सर्किटचा) करंट बरोबर, मल्टिमीटरवर सगळं ओके. सप्लायर म्हणतोय, एलईडीवर सिलिकॉन असतंयच की ओ, आत काय जायचा प्रश्नच नाही. दादांचा विचार असा की बाजारातनं ट्रान्सपरंट सिलिकॉन आणून पूर्ण प्लेटवर अजून एक थर मारावा. आणि स्टोअरमध्ये त्याच लॉटची नवीन फिटिंग पडून आहेत, ती लावावी का नको.

मी बेळगावात उद्यमबागेत एलईडीच्या प्लेटा बनवतो आणि रिपेअर पण करतो, फाउंड्रीवाले, कारखानेवाले, डिस्टिलरीवाले सगळ्यांचा काळा पडलेला माल टेबलावर येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पहिलं सांगून टाकतो, ओतू नका. का नको ते समजलं की पुढं काय करायचं ते आपोआप कळेल.

तुमचा खरा प्रॉब्लेम पाण्याचा नाही, गॅसचा आहे. सप्लायर बोलतोय पाण्याबद्दल आणि धुळीबद्दल, आणि तेवढ्यापुरतं त्याचं खरं पण आहे. पण ईटीपीवर जो कुजक्या अंड्याचा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइड, आणि त्याला सिलिकॉन अडवत नाही. सिलिकॉन म्हणजे घोंगडी, वरनं पाऊस पडला तर ओघळून जातो पण हवा मात्र आरपार फिरत राहते. सिलिकॉनमधली सिलिकॉन आणि ऑक्सिजनची साखळी एकदम लवचिक असते, रेणू एकमेकांना घट्ट चिकटून बसत नाहीत, मधे जागा राहते, आणि त्या जागेतनं गॅस सहज सरकत जातो. सगळ्या प्लास्टिक-रबरांमधे गॅस पास करायला सिलिकॉन सगळ्यात पुढच्यांपैकी आहे. हिशोब करून बघितला तर एक मिलिमीटर जाड साध्या सिलिकॉनमधनं गॅस पलीकडं पोचायला काही मिनिटं लागतात. मिनिटं ओ, महिने नाहीत. म्हणजे तुम्ही दोन मिलिमीटर अजून ओतलं तरी मिनिटांची फार तर दहा-वीस-तीस मिनिटं होतील. त्यानंतर गॅस आत येतच राहणार, थोडा कमी वेगानं इतकंच.

आता आत काय बिघडतंय ते बघा. तुमच्या फ्लडलाइटमधले एलईडी बहुतेक २८३५ किंवा ३०३० साइजचे असणार, पांढऱ्या प्लास्टिकची छोटी वाटी असते ती. वाटीच्या तळाला तांब्याची लीड फ्रेम, तिच्यावर चांदीचा मुलामा, त्यावर निळी चिप बसवलेली, आणि वरून पिवळा फॉस्फर (निळा उजेड पांढरा करणारी पूड) मिसळलेलं सिलिकॉन भरलेलं. या सगळ्या वाटीला मिळून पॅकेज म्हणतात. चांदी का लावतात? कारण दिसणारा उजेड चांदीइतका परत फेकणारा दुसरा धातू नाही, नव्वद टक्क्यांच्या वर. पण चांदीला गंधक दिसलं की ती थांबत नाही, सिल्व्हर सल्फाइड होतंय, तेच काळं. घरात पैंजण काळे पडतात ना, हुबेहूब तीच केमिस्ट्री, फक्त इथं ती गरम जागेत आणि सतत चाललेली असते. गरमी आणि ओल दोन्ही असलं की स्पीड वाढतो.

आणि थोडंसं काळं पडलं तर एवढा उजेड का जातो, हे लोकांना पटत नाही. चिपमधनं निघालेला उजेड सरळ बाहेर जात नाही, बराचसा फॉस्फरवर आपटून परत खाली येतो, तळावरनं परत वर जातो, असं दोन-तीनदा होतंय. समजा तळ ९५ टक्के उजेड परत फेकतोय, तर तीन उड्यांनंतर ८६ टक्के उरतो. तोच तळ ८० वर आला की तीन उड्यांत ५१ टक्के. म्हणजे डोळ्याला नुसतं जरा मळकट दिसलं तरी लाइट निम्म्यावर. आणि चिपला काहीच झालेलं नसतं म्हणून व्होल्टेज बरोबर, करंट बरोबर, मल्टिमीटर बिचारा काय सांगणार. मीटरवर ओके आणि जमिनीवर अंधार, हे लक्षण दिसलं की माझा पहिला संशय गंधकावरच जातो. फार पुढं गेलं तर मग चांदीची वायर असलेल्या पॅकेजात वायर खाऊन तुटते, चिप सुटते आणि पूर्ण एलईडी बंद पडतो, पण ते नंतरचं.

मग असलं झिरपणारं सिलिकॉन वापरतात कशाला, असं कोणी पण विचारेल. पूर्वी पाच मिलिमीटरचे इंडिकेटर एलईडी यायचे ते इपॉक्सीचे असायचे. इपॉक्सी गॅसला चांगलं अडवतं. पण निळा उजेड आणि गरमी लागली की इपॉक्सी पिवळं पडतंय, इंडिकेटरला चाललं पण पांढऱ्या पॉवर एलईडीला नाही चालत. सिलिकॉन निळ्या उजेडाला आणि तापमानाला टिकतं, मऊ असतं म्हणून गरम-थंड होताना आतली बारीक वायर तोडत नाही. म्हणजे कंपन्यांनी उजेडाचं आयुष्य निवडलं आणि गॅसची बाजू उघडी सोडली. शो रूममधे, ऑफिसात, रस्त्यावर त्याचा काही फरक पडत नाही. ईटीपीवर पडतोय.

सिलिकॉन सिलिकॉनमधे पण फरक आहे, हा सप्लायरला विचारायचा पहिला प्रश्न. एक मिथाइल प्रकार, रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स (उजेड किती वळवतो त्याचा आकडा) साधारण १.४१. दुसरा फिनाइल प्रकार, तो १.५३-१.५४ च्या आसपास. फिनाइलवाला रेणू जाडजूड, त्यामुळे मधली जागा कमी, गॅस अनेक पटींनी कमी जातो, आणि इंडेक्स जास्त असल्यानं चिपमधनं उजेड पण थोडा जास्त निघतो. वाईट बाजू अशी की जास्त तापमानाला फिनाइल लवकर पिवळं पडतंय, मिथाइल तिथं सरस. म्हणून मोठ्या वॅटेजच्या गरम एलईडीत मिथाइल आणि मधल्या पॉवरच्यात फिनाइल असं बघायला मिळतं, नेहमीच नाही पण बहुतेकदा. आता लगेच "मग फिनाइलवाले घेतो, झालं" म्हणू नका. अनेक पटींनी कमी म्हणजे शून्य नाही. रस्त्याच्या कडेला गटार असलेल्या ठिकाणी फिनाइल तुम्हाला भरपूर वर्षं देईल, अॅनारोबिक लगूनच्या (सांडपाणी हवेशिवाय कुजवायच्या तळ्याच्या) डोक्यावर कदाचित एका सीझनचे दोन-तीन सीझन होतील. गॅस किती आहे त्यावर आहे सगळं.

मटेरियल बनवणाऱ्या कंपन्या यावर बरंच डोकं लावतायत. कोणी सिलिकॉनमधे शिडीसारख्या रचनेचं सिल्सेस्क्विऑक्सेन आणि आयसोसायन्युरेट ही रसायनं घालून जाळं घट्ट करतं, कोणी जस्ताचे क्षार मिसळतं म्हणजे येणारं गंधक चांदीपर्यंत जायच्या आधी जस्तच पकडून ठेवतं, कोणी चांदीवरच पातळ काचेसारखा थर देतं. यातली अडचण कायम एकच, घट्ट केलं की कडक होतंय, कडक झालं की रोज संध्याकाळी चालू सकाळी बंद या गरम-थंडीत तडा जातोय किंवा वाटीच्या भिंतीपासून सुटतंय. आणि एकदा कडेनं सुटलं की गॅसला मधनं झिरपायची पण गरज नाही, भिंतीच्या फटीतनं सरळ चांदीवर. काळं पडलेल्या पॅकेजात बघा, पुष्कळदा काळेपणा वाटीच्या कडेनं सुरू होऊन मधे सरकलेला दिसतोय, त्याचं कारण हेच.

आता तुमच्या केसमधे खरंच गंधक आहे का दुसरं काही, हे आधी नक्की करून घ्या, कारण काळं-तपकिरी पडायची तीन वेगळी कारणं असतात आणि तिन्हीचा इलाज वेगळा. दहापट मोठं दाखवणारं घड्याळजीचं भिंग घ्या. चिपच्या बरोब्बर मधे काळा ठिपका असेल, सिलिकॉन जळाल्यासारखं किंवा तडकलेलं असेल, तर ते जास्त करंट नाहीतर हीट सिंकचं काम. चिपच्या भोवतीचा तळ आणि कडा काळ्या आणि वरचं सिलिकॉन मात्र स्वच्छ, ते गंधक. तिसरं कारण फसवं असतंय, सिलिकॉन स्वतःच चिपच्या वर तपकिरी झालेलं. हे बंद फिटिंगमधे गोंद, थिनर, कोटिंग, फ्लक्स यांची वाफ सिलिकॉनमधे शिरून निळ्या उजेडानं आणि गरमीनं भाजली की होतंय. हे ओळखायची सोपी युक्ती म्हणजे काच काढून प्लेट उघड्यावर, स्वच्छ हवेत एक-दोन दिवस चालू ठेवा. वाफेचं तपकिरी असेल तर ऑक्सिजन मिळाला की बऱ्यापैकी निवळतं, उजेड परत येतोय. चांदीचं सल्फाइड मात्र तसंच राहतंय, ते काही केल्या परत येत नाही. उघड्या प्लेटवर कॅपॅसिटरचा आणि मेन सप्लायचा शॉक बसतोय बरं का, आयसोलेटेड बेंच सप्लायवर करा, डायरेक्ट २३० वर नको. खासकरून प्लेटवरच ड्रायव्हर असलेली असेल तर अजिबात नको.

जागेची टेस्ट पण करता येते आणि ती स्वस्त आहे. सराफाकडनं शुद्ध चांदीची एक छोटी पट्टी घ्या, सोबत तांब्याची एक, दोन्ही घासून चकचकीत करून फिटिंगच्या शेजारी टांगा, आणि तसलीच जोडी ऑफिसात टांगा. पट्टीला हात लावू नका, दोरा बांधा, रबर बँड तर बिलकूल नको, का ते खाली येतंय. इंडस्ट्रीत हेच काम आयएसए ७१.०४ नावाच्या स्टँडर्डप्रमाणे करतात, पट्ट्या ३० दिवस ठेवून लॅबमधे थर किती जाड चढला ते मोजतात, चांदीवर महिन्याला २०० अँगस्ट्रॉमच्या (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) आत असेल तर हवा सौम्य, २००० च्या वर गेलं तर अतिगंभीर वर्ग. आपल्याला लॅब नको, ऑफिसातली पट्टी पांढरी आणि ईटीपीची निळी-काळी झाली की कळलं काय ते.

साखर कारखान्यात गंधक दोन ठिकाणी असतंय, लोक तिथं गोंधळतात. एक सल्फिटेशनचं, रस पांढरा करायला गंधक जाळून सल्फर डायऑक्साइड करतात ते. त्याचा वास नाकाला झोंबणारा असतोय. तो ओलीबरोबर मिळून अॅल्युमिनियम, पत्रा, स्क्रू, टर्मिनल खातोय, पण चांदीला काळं करायला हायड्रोजन सल्फाइडइतका तेज नाही. गंधक भट्टीच्या अगदी जवळ मात्र गंधकाची वाफच असते, ती चांदीला खातेच. दुसरं ठिकाण तुमचं, ईटीपी आणि डिस्टिलरी असेल तर स्पेंटवॉशचा (डिस्टिलरीच्या सांडपाण्याचा) डायजेस्टर, म्हणजे ते बंद टाकीत कुजवून बायोगॅस काढतात तो. मळीत आणि स्पेंटवॉशमधे सल्फेट भरपूर असतंय, हवा नसलेल्या टाकीत बॅक्टेरिया त्याचं हायड्रोजन सल्फाइड करतात. बायोगॅसमधे तो शेकडो ते हजारो पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) असू शकतो. आणि चांदीला काळं करायला हजारो काय, एक पीपीएमचा बारीक हिस्सा पण पुरतो, वेळ लागतो इतकंच. आमच्या उद्यमबाग-मच्छे भागात फाउंड्रीत पण हीच तक्रार येते, तिथं फ्युरान रेझिननं घट्ट केलेल्या वाळूच्या मोल्डला सल्फोनिक अॅसिड वापरतात, ओतकाम झालं की त्यातनं गंधकाचे गॅस निघतात. गुऱ्हाळात गूळ उजळ करायला हायड्रोस पावडर टाकतात तिथं सल्फर डायऑक्साइड निघतोय, पण गुऱ्हाळातला लाइट बहुतेक वाफेनं आणि चुलाणाच्या काजळीनंच आधी जातो.

आता एक गोष्ट जी बहुतेक जण बघतच नाहीत, आणि माझ्या मते निम्म्या केसेसमधे तीच गुन्हेगार असते. फिटिंगचं स्वतःचं रबर. काळं गॅस्केट असतंय ना काचेखाली, ते स्वस्तातलं असेल तर गंधकानं व्हल्कनाइज केलेलं, म्हणजे गंधक घालून पक्कं केलेलं असतंय. दिवा तापला की त्यातनं गंधकाचे रेणू सुटतात आणि फिटिंग आयपी ६६ घट्ट बंद असल्यामुळं बाहेर जायला वाट नाही, सगळं सिलिकॉनमधनं चांदीवर. म्हणजे जितकं घट्ट सील तितकं लवकर काळं! ईटीपीपासनं लांब, अगदी गेटवरचा दिवा पण काळा पडला असेल तर वास येणाऱ्या टाकीकडं बोट दाखवू नका, गॅस्केट बघा. माझ्याकडं आलेल्या एका लॉटमधे गॅस्केटला चिकटून असलेली एलईडीची बाहेरची ओळ ठार काळी आणि मधल्या ओळी हळूहळू उजळ होत गेलेल्या, हे बघितल्यावर अजून काय पुरावा पाहिजे. म्हणून तुम्ही उघडलेल्या फिटिंगमधे कुठली ओळ जास्त काळी आहे ते आधी बघा. सगळीकडं सारखं असेल तर बाहेरचा गॅस, गॅस्केटच्या बाजूला जास्त असेल तर गॅस्केट, वायर येते त्या ग्लँडच्या बाजूला जास्त असेल तर केबलमधनं येतंय. होय, केबलच्या तारांच्या मधल्या फटीतनं हवा आत ओढली जाते. रात्री दिवा गरम, आतली हवा फुगून बाहेर, सकाळी बंद केला की गार होऊन बाहेरची हवा आत. रोजचा श्वास. आयपी ६६ म्हणजे धूळ आणि पाण्याचा फवारा अडवतो, गॅसबद्दल तो एक शब्द बोलत नाही. आणि ब्रीदर व्हॉल्व्ह असेल तर त्याची जाळी पाणी अडवून हवा सोडायलाच बनवलेली असते, गॅस तिथनं आरामात जातोय.

तसंच पुठ्ठा, रद्दी पेपर, रबर बँड, काही हँडग्लोव्ह, यात पण गंधक असतंय. एलईडीच्या सुट्या पट्ट्या रबर बँड लावून पेपरात गुंडाळून स्टोअरमधे दोन वर्षं ठेवल्या तर एकदाही न पेटवता काळ्या झालेल्या बघितल्यात मी.

वरून सिलिकॉन का ओतू नका ते आता पूर्ण सांगतो. गॅस अडत नाही हे एक झालं. दुसरं म्हणजे दुकानात मिळणारी ट्रान्सपरंट ट्यूब, बाथरूम-खिडकीला वापरतात ती, बऱ्याचदा अॅसिटॉक्सी प्रकारची असते, सुकताना व्हिनेगरचा वास येतो. तो वास म्हणजे अॅसेटिक अॅसिड, ते तांब्याला, सोल्डरला, चांदीला त्रास देतंय. बंद फिटिंगमधे तर अजूनच. तिसरं, न्यूट्रल प्रकारचं आणलं तरी सुकताना काही ना काही वाफ सोडतंच, मघाशी सांगितलेला तपकिरी प्रॉब्लेम विकत घेतल्यासारखं. चौथं, एलईडीचा वरचा पृष्ठभाग हवेला भेटतो असं धरून त्याचा रंग आणि उजेड ठरवलेला असतो, वरून थर आला की उजेड बाहेर पडायची वाट बदलते, रंग सरकतो, शेजारचे दोन दिवे वेगळे दिसायला लागतात. पाचवं, दोन भाग मिसळून प्लॅटिनमनं सेट होणारं चांगलं ऑप्टिकल सिलिकॉन आणलंत तर गंमत अशी की गंधक त्या प्लॅटिनमला पण मारतंय. ज्या प्लेटवर आधीच गंधक बसलंय, फ्लक्स राहिलाय, जवळ व्हल्कनाइज्ड रबर आहे, तिथं ते सेटच होत नाही, चिकट जेलीसारखं राहतं आणि त्यावर धूळ चिकटते. हातात लेटेक्सचे ग्लोव्ह घालून ओतलं तर कडेला बोटांचे ठसे ओले राहतात, ग्लोव्ह व्हिनाइलचे घ्यायचे. आणि सगळ्यात मुख्य, काळं पडलेलं परत पांढरं होणार नाहीये, तुम्ही काळ्यावर काच बसवताय फक्त.

कॉन्फॉर्मल कोटिंगचं, म्हणजे सर्किटवर मारायच्या संरक्षक वार्निशचं पण लोक विचारतात. अॅक्रिलिकची लॅकर सिलिकॉनपेक्षा गॅसला बरी, पण तिच्यातला थिनर एलईडीच्या सिलिकॉनमधे शिरून ते फुगवतो. एलईडी झाकून बाकी प्लेटवर, ट्रॅकवर, सोल्डरवर मारलीत तर उपयोग आहे, पूर्ण सुकू द्या मगच काच लावा. एलईडीच्या डोक्यावर नको. पॅरिलीन चांगलं अडवतं, पण ते व्हॅक्यूम मशीनमधलं काम, आणि बाहेरच्या उन्हात ते पिवळं पडतंय. चार फ्लडलाइटसाठी कोण करणार.

तर मी तुमच्या जागी काय करीन? पहिलं, दिवा हलवतो. हे ऐकायला फालतू वाटतंय पण सगळ्यात स्वस्त हेच. टाकीच्या काठावर पोल उभा करायच्या ऐवजी थोडा लांब, वारा ज्या बाजूनं येतो त्या बाजूला उंच पोल घेऊन अरुंद बीमचे दिवे तिथनं फेकायचे. आपल्याकडं पावसाळ्यात वारा पश्चिमेकडनं असतोय, सीझनमधे बहुतेक पूर्वेकडनं, त्यामुळं तुम्हाला कारखान्याच्या दिवसातला वारा धरायला पाहिजे, पावसाळ्यातला नाही. डोसिंग पंपाजवळ, ब्लोअरजवळ जिथं दिवा जवळच पाहिजे तिथं दुसरा इलाज.

दुसरं, पॅकेज बदलतो. सप्लायरला विचारा लीड फ्रेमवर चांदी आहे का सोनं, का सिरॅमिक बेसचं पॅकेज ज्यात उघडी चांदी नाही. सोन्याला हायड्रोजन सल्फाइड काही करत नाही. सोन्यावर निळा उजेड कमी परावर्तित होतो म्हणून लुमेन (उजेडाचं माप) थोडे कमी मिळतात, किंमत जास्त, पण तुमच्या जागी तो सौदा फायद्याचा. डेटाशीटमधे हायड्रोजन सल्फाइडची टेस्ट दिलीय का बघा, आयईसी ६००६८-२-४३ किंवा मिक्स गॅसची ६००६८-२-६० असा नंबर असतोय. किती पीपीएम, किती तास आणि नंतर किती लुमेन उरले हे तिन्ही पाहिजेत, नुसतं "पास" लिहिलेलं कागद नको. आणि तो तुम्हाला एलएम-८० चा रिपोर्ट आणि ५०,००० तासाचं आयुष्य दाखवेल. तो रिपोर्ट खोटा नसतो, पण एलएम-८० मधे एलईडी ठरलेल्या तापमानाला, स्वच्छ हवेत हजारो तास चालवतात, गंधकाचा त्यात काही संबंधच नाही. वॉरंटी कार्डाच्या मागं बारीक अक्षरात संक्षारक वातावरण वगळलेलं असतंय, ते पण वाचून घ्या, भांडायला जायच्या आधी.

तिसरं, फिटिंगला काच पाहिजे, पॉलिकार्बोनेट नको, काचेतनं गॅस जात नाही. गॅस्केट सिलिकॉनचं नाहीतर ईपीडीएम रबराचं, पण गंधकाऐवजी पेरॉक्साइडनं पक्कं केलेलं. इथं कोणीतरी मला पकडणार, की सिलिकॉनमधनं गॅस जातोय मग गॅस्केट सिलिकॉनचं कसं चालतंय? जातोय की, पण गॅस्केटची कड अरुंद आणि आत जायचा रस्ता लांब, आणि स्वतः गंधक सोडत नाही हा मोठा फायदा. बाहेर फार गॅस असेल तिथं ईपीडीएम जास्त बरं. ग्लँडच्या आत केबलच्या तारांचा एक इंच भाग उघडा करून तिथं इपॉक्सी भरली की केबलचा रस्ता बंद होतोय, इपॉक्सी सेट झाल्याशिवाय काच लावायची नाही.

आणि अगदीच वाईट जागेला, लगूनच्या डोक्यावर, मी सरळ सांगतो की एलईडी प्लेट हा खर्चाचा माल समजा. ड्रायव्हर बाहेर लांब पॅनलमधे ठेवा, पोलवर फक्त प्लेट आणि हीट सिंक, प्लेट दर सीझनआधी बदलायची, जशी तुम्ही बेअरिंग बदलता. पर्चेसवाल्यांना हे पटवायला वेळ लागतो, पण दरवर्षी पूर्ण फिटिंग फेकण्यापेक्षा हिशोब बरा बसतोय.

एक गोष्ट विषय सोडून सांगतो पण सांगायलाच पाहिजे. दिवे काही आठवड्यांतच काळे पडत असतील तर ती जागा माणसासाठी पण बरी नाही. हायड्रोजन सल्फाइडची कामाच्या जागेची मर्यादा साधारण १० पीपीएम धरतात, आणि १०० च्या आसपास गेलं की नाकच मरतंय, वास येणं बंद होतंय, माणसाला वाटतं गॅस गेला. शिडी लावून टाकीवर दिवा बदलायला चढणाऱ्या पोराच्या खिशाला गॅस डिटेक्टर असलाच पाहिजे, आणि एकट्याला पाठवू नका. बायोगॅस डोम, डायजेस्टर, फ्लेअरच्या जवळ फ्लेमप्रूफ फिटिंग असेल तर त्यात भोक पाडणं, सिलिकॉन भरणं, गॅस्केट बदलणं काही काही करू नका, त्याचं सर्टिफिकेट तिथंच संपतंय. तिथं पूर्ण फिटिंगच योग्य प्रकारची मागवायची.

आता स्टोअरमधल्या नव्या फिटिंगचं. लावायच्या आधी एक उघडा. गॅस्केट काढून एका छोट्या काचेच्या बरणीत टाका, सोबत चांदीची घासलेली पट्टी, एकमेकांना न टेकवता, झाकण लावून ६०-७० डिग्रीला दोन-तीन दिवस ठेवा, ओव्हन नसेल तर पॅनलच्या आत ट्रान्सफॉर्मरशेजारी पण चालतंय. झाकणाला रबर नको, नाहीतर टेस्ट झाकणाचीच होईल. दुसऱ्या बरणीत नुसती पट्टी, तुलनेसाठी. गॅस्केटवाली पट्टी काळी झाली तर सगळ्या फिटिंगची गॅस्केट बदलून मग ऑफिस, गेट, वजनकाटा अशा ठिकाणी लावा, ईटीपीवर तरी पण नको, कारण आतले एलईडी तेच चांदीचे. पट्टी पांढरी राहिली तर गॅस्केट ठीक आहे, फिटिंग आहे तशी ऑफिस, गेट, वजनकाटा इथं लावून टाका, पण ईटीपीवर तेव्हाही नको. आणि उघडलेल्या काळ्या प्लेटचा तिरका फोटो, गॅस्केटची बाजू कुठली ते खूण करून, इथंच टाका दादा, ओळी बघून बाहेरचं आहे का आतलं ते सांगतो.